पिकअपवरचा कयाकचा घरगुती रॅक पुन्हा पुन्हा वाजतो, कलतो किंवा तडकतो: काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

देवबाग-तारकर्लीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर कयाक भाड्याने देणाऱ्यांकडे बहुधा एखादी जुनी पिकअप असते आणि तिच्या हौद्यावर जवळच्याच वेल्डरकडून करून घेतलेला चौकोनी पाइपचा रॅक असतो. आज कर्लीच्या खाडीत, उद्या काळावलच्या खाडीत अशी बोटींची ने-आण सुरू झाली की काही आठवड्यांत रॅक वाजू लागतो, पुढे एका बाजूला कलतो आणि शेवटी एखाद्या पायाशी तडकतो. तडा वेल्ड करून घेतला तरी पुढच्या हंगामात तो त्याच जागी किंवा चार बोटे वर पुन्हा दिसतो. असे रॅक माझ्या वर्कशॉपमध्ये सतत येत असतात आणि त्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत वेल्ड हा मूळ दोष नसतो. कुठेतरी काहीतरी हलत असते, ती हालचाल ज्या जागी अडते तिथे लोखंड तडकते, आणि हालचाल तशीच ठेवून तडा भरला तर नव्या टाक्याला पुन्हा तेच सोसावे लागते. म्हणून पुढील क्रमात वेल्डिंग मशीन जवळजवळ शेवटी येते.

पुढील सर्व मजकूर एका ठरावीक मांडणीला धरून लिहिला आहे. सिंगल केबिनची पिकअप, अडीच मीटरच्या आसपास लांबीचा हौदा, ४० बाय ४० मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा, २ मिलिमीटर जाडीचा रॅक, आणि त्यावर प्लास्टिकच्या, वर बसून चालवायच्या चार कयाक. एकट्याची कयाक साधारण तीन-सव्वातीन मीटर लांब आणि २० ते ३० किलो वजनाची असते, तर दोघांची चार मीटरपर्यंत लांब आणि ३० ते ४० किलोंची. हा पाइप मीटरला सव्वादोन किलोंहून थोडा अधिक भरतो, त्यामुळे वीस-बावीस मीटर पाइप लागलेला रॅक स्वतःच पन्नास किलोंच्या घरात जातो. म्हणजे हौद्याच्या तळापासून मीटर-सव्वा मीटर उंचीवर दीडशे ते दोनशे किलो वजन डोलत असते. गाडीच्या भारक्षमतेच्या मानाने हे वजन क्षुल्लक असले तरी रॅकच्या पायांना त्रास होतो तो या उंचीचा.

लक्षणे

रिकामा रॅक खड्ड्यातून जाताना खडखडतो, पण बोटी लादल्यावर शांत होतो. याच्या उलट, रिकामा शांत असतो आणि बोटी लादल्या की ताशी ५० किलोमीटरच्या पुढे घुमल्यासारखा आवाज येतो. केबिनच्या मागच्या काचेतून पाहिले असता ब्रेक दाबताक्षणी संपूर्ण रॅक पुढे झुकून मागे येतो. पट्टे घट्ट बांधलेले असूनही दहा-पंधरा किलोमीटरनंतर ढिले सापडतात. बोटीच्या तळाला आडव्या पाइपच्या ठिकाणी खोलगट ठसा उमटतो. बेस प्लेटभोवतीचा (पायाखालच्या, बोल्टाने हौद्याला आवळलेल्या लोखंडी प्लेटभोवतीचा) रंग चुरा होऊन उडतो किंवा बोल्टाचे गोल छिद्र लांबट झालेले दिसते. सर्वांत गंभीर लक्षण म्हणजे पायाच्या वेल्डलगत रंगातून उमटलेली केसासारखी तपकिरी रेघ आणि तिच्याखाली पावसाच्या पाण्याने आलेला गंजाचा ओघळ. ही रेघ बहुधा वेल्डमध्ये नसते. वेल्ड संपून पाइप सुरू होतो त्या कडेला ती असते, आणि रंगाच्या नव्या हाताखाली सहज लपते.

यांपैकी शेवटचे लक्षण दिसले असल्यास बोटी तत्काळ उतरवून ठेवाव्यात आणि पुढच्या सर्व तपासण्या रिकाम्या रॅकवरच कराव्यात.

पट्टे आणि दोऱ्या

सुरुवात इथून करण्याचे कारण असे की यासाठी पैसे लागत नाहीत आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. प्रथम रिकामा रॅक घेऊन नेहमीच्याच रस्त्याने एक फेरी मारावी. आवाज नाहीसा झाला तर रॅकला हात लावण्याचे कारण नाही. तो आवाज पट्ट्यांचा आहे. सपाट पट्टा वाऱ्यात ताणलेल्या अवस्थेत फडफडतो आणि तो थरार पाइपमधून केबिनपर्यंत पोहोचतो. बोट आणि बांधणीची जागा यांमधल्या मोकळ्या भागात पट्ट्याला एक पीळ दिला की तो थांबतो. रिकामा रॅक शीळ घालत असेल तर पाइपांची उघडी तोंडे प्लास्टिकच्या टोप्यांनी बंद करावीत.

पट्टा कोणता आहे हेही पाहावे. नायलॉनचा पट्टा भिजला की ताणला जातो, आणि खाडीतून निथळत आलेल्या बोटींवर तो कोरडा राहणे शक्यच नसते, म्हणून पॉलिएस्टरचाच पट्टा वापरावा. रॅचेटचा पट्टा माल बांधायला उत्तम असला तरी कयाकवर तो गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. दुपारच्या उन्हात प्लास्टिक मऊ पडते, पट्टा त्यात रुततो, आणि रुतला की आपोआप ढिला होतो. मग लोक तो आणखी आवळतात. कॅम बकलचा, हाताने ओढून घट्ट करायचा पट्टा बोटीला पुरेसा होतो. उन्हाने पांढुरका पडलेला किंवा कडेला दोरे सुटलेला पट्टा टाकून द्यावा, दोऱ्याने शिवून वापरू नये.

याहून महत्त्वाचे म्हणजे पट्ट्याचा आकडा कुठे अडकवला आहे. हौद्याच्या फाळक्याला आकडा लावलेला मी वारंवार पाहतो. फाळका बिजागरीवर असतो, त्याचा खिट्टा सैल असतो आणि तो स्वतःच हलतो. बोट रॅकला बांधावी आणि रॅक हौद्याच्या तळाला बांधलेला असावा. मध्ये फाळका येऊ नये. शिवाय प्रत्येक बोटीच्या नाकाला आणि शेपटाला स्वतंत्र दोरी हवी. आडवे पट्टे बोटीला खाली दाबून धरतात, पण ब्रेक दाबल्यावर तिला पुढे सरकण्यापासून फारसे रोखत नाहीत. ते काम मागे ओढून बांधलेल्या दोरीचे आहे. केबिनवर पुढे आलेल्या नाकाखाली वारा शिरतो आणि ते उचलू पाहतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ताशी ६० वरून ८० वर गेल्यास तो जवळजवळ पावणेदोनपट होतो. गावातल्या रस्त्यावर शांत असणारा रॅक राष्ट्रीय महामार्ग ६६ वर चढताच का घुमतो, याचे उत्तर बहुतेक वेळा एवढेच असते.

बैठक आणि बोटींची मांडणी

वर बसायच्या कयाक पालथ्या ठेवाव्यात. त्यामुळे बैठकीच्या खोबणीत पावसाचे पाणी साचत नाही आणि तळाला ठसे पडत नाहीत, कारण भार बोटीच्या कडांवर येतो. जागा वाचवण्यासाठी बोटी कडेवर उभ्या लावायच्या असतील तर त्या बाजूने येणारा वारा अडवतात हे लक्षात ठेवावे. करूळ किंवा आंबोलीच्या घाटात वळण संपून अचानक दरीकडची बाजू उघडी पडते तेव्हा रॅकला बसणारा धक्का पालथ्या बोटींच्या मानाने बराच मोठा असतो.

आडव्या पाइपांमधले अंतरही टेपने मोजावे. ते बोटीच्या लांबीच्या किमान एक तृतीयांश, आणि जमल्यास निम्मे असावे. पुढचा आडवा पाइप हौद्याच्या पुढच्या टोकाला आणि मागचा मागच्या टोकाला असला की चार मीटरच्या बोटीलाही पुरेसा आधार मिळतो. बोटीचे नाक केबिनवरून पुढे गेले तरी चालते, पण बोट आणि केबिनचे छप्पर यांच्यात चार बोटांची मोकळी जागा हवी, कारण खड्ड्यात ती जागा कमी होते. पाइपांवर दाट फोम किंवा जाड रबरी होस चिरून चढवावा. मऊ गादीचा फोम महिनाभरात चपटा होतो आणि पट्टे पुन्हा ढिले पडू लागतात.

नट-बोल्ट

इथे एक पाना आणि एक रंगाची डबी पुरते. प्रत्येक नट घट्ट करून नट, बोल्ट आणि प्लेट यांवरून जाणारी एक बारीक पांढरी रेघ ओढावी. पुढच्या फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली तर तो नट फिरला आहे. रेघ अखंड असूनही प्लेट हलत असेल तर बोल्ट ताणला गेला आहे किंवा पत्रा दबला आहे, आणि हा फरक हाताने चाचपून कळत नाही.

बोल्टाच्या डोक्यावर ८.८ हा मजबुतीच्या श्रेणीचा आकडा असावा. काहीच न लिहिलेले बोल्ट गेटच्या कामाला ठीक असतात, इथे नाहीत. १० मिलिमीटरच्या ८.८ बोल्टाला साधारण ४५ न्यूटन-मीटर एवढा पीळ योग्य असतो. टॉर्क पाना नसेल तर टायरवाल्याकडे किंवा गॅरेजमध्ये मिळतो. नायलॉक नट उघडला की नवा घालावा, कारण त्यातल्या नायलॉनच्या कड्याची पकड प्रत्येक वेळी कमी होते.

हौद्याच्या पत्र्याखाली काय आहे ते वाकून पाहणे मात्र टाळू नये. नुसता वॉशर असेल तर तो पत्र्यात रुततो, छिद्र लांबट होते आणि नट कितीही आवळला तरी आठवड्यात सैल होतो. पत्र्याखाली किमान ५ मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी लोखंडी पट्टी असावी आणि शक्य असेल तिथे बोल्ट हौद्याच्या तळाच्या आडव्या चॅनेलमधून गेलेला असावा.

आवाज बंद व्हावा म्हणून बेस प्लेटखाली टायरच्या रबराचा जाड तुकडा घालण्याची पद्धत आहे. आवाज खरोखरच थांबतो, पण रबर दिवसेंदिवस दबत जाते, बोल्टाचा ताण निघून जातो आणि महिन्याभराने प्लेट त्या रबरावर डुलू लागते. गाडीचा रंग वाचवायचाच असेल तर दोन मिलिमीटरची पातळ, टणक शीट पुरते.

रॅक गुण्यात (काटकोनात) आहे का

नट घट्ट आहेत, तरीही ब्रेक दाबल्यावर रॅक पुढे झुकतो, अशा वेळी दोष आकारात असतो. बाजूच्या चौकटीचे दोन्ही कर्ण टेपने किंवा न ताणणाऱ्या सुतळीने मोजावेत. दोन्ही सारखे असले पाहिजेत. पाच-सात मिलिमीटरचा फरक कारागिरीचा मानता येतो, त्याहून जास्त असेल तर चौकट कलली आहे. वरच्या कोपऱ्यातून ओळंबा सोडला की ती कोणत्या दिशेला कलली आहे तेही कळते. नंतर एकाने रॅकचा वरचा कोपरा पुढे-मागे ढकलावा आणि दुसऱ्याने पायाशी नजर ठेवावी. पाय जागीच राहून वरचा कोपरा बोटभर हलत असेल तर तिरप्या आधाराची उणीव आहे.

चार उभे पाय आणि वर आडवे पाइप एवढाच रॅक म्हणजे दोरी सैल झालेली बाज: कितीही जाड लाकडाची असली तरी ती कलणारच. चौकोन कोपऱ्यातून मोडतो, त्रिकोण मोडत नाही. बहुतेकजण अशा वेळी पाइप जाड करायला सांगतात, त्याने वजन वाढते आणि कलणे थोडेच कमी होते. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना पुढच्या पायाच्या तळापासून मागे-वर जाणारी एक कैची, म्हणजे तिरपा आधार, आणि मागच्या चौकटीला आडव्या दिशेने दुसरी, एवढे घातले तर त्याच पाइपचा रॅक भक्कम उभा राहतो. कैची २५ बाय २५ चा पाइप वापरून बोल्टाने बसवता येते, त्यामुळे हे काम वेल्डिंगशिवायही होते. मागच्या चौकटीतून माल चढवायचा असल्याने तिथे पूर्ण कैची अडचणीची होते. त्या ठिकाणी वरच्या दोन्ही कोपऱ्यांत हातभर लांबीचे तिरपे आधार चालतात.

गंज

पाइपचा गंज आतून सुरू होतो आणि खाऱ्या हवेत तो बाहेरच्या रंगाची वाट पाहत नाही. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, रॅक मांडवाखाली पडून असतो, वरच्या छिद्रांतून आत शिरलेले पाणी पायाच्या तळाशी साचते. सप्टेंबरमध्ये पुन्हा बोटी लादण्यापूर्वी प्रत्येक पायाच्या खालच्या वीतभर भागावर लहान हातोडीने ठोकून पाहावे. धड पाइप खणखणतो. खाल्लेला पाइप बद्द वाजतो, कधी खळगा पडतो, आणि आतून पापुद्रे खाली पडल्याचा आवाज येतो. खळगा पडला तर तेवढा भाग कापून नवा पाइप जोडणे हाच उपाय आहे. पायाच्या तळाशी ६ मिलिमीटरचे पाणी जाण्याचे छिद्र हवे, आणि रेड ऑक्साइड लावण्यापूर्वी गोड्या पाण्याने मीठ धुऊन पाइप पूर्ण वाळवावा. पुट्टी लावू नये, कारण तिच्याखाली तडा दिसत नाही.

केबिन आणि हौदा एकत्र बांधले आहेत का

वर्षानुवर्षे त्याच जागी तडकणाऱ्या रॅकचे कारण बहुधा इथे सापडते. पिकअपची केबिन आणि हौदा हे चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, स्वतंत्रपणे बसवलेले असतात. रस्ता असमान असला की चॅसी किंचित पिळवटते आणि त्या दोहोंमधली फट एका कोपऱ्यात कमी, दुसऱ्या कोपऱ्यात जास्त होते. असे होणे अपेक्षितच आहे. बोटीच्या नाकाला आधार हवा म्हणून रॅकचे पुढचे दोन पाय केबिनच्या छपरावर किंवा गटारपट्टीवर टेकवून मागचे दोन हौद्यात घट्ट केले, तर चॅसीचा तो सगळा पीळ रॅकच्या कोपऱ्यांना सोसावा लागतो. मग कितीही चांगला वेल्डर आणला तरी टाका टिकत नाही, आणि टिकलाच तर छपराचा पत्रा फाटतो.

तपासणी सोपी आहे. सपाट जागेवर रॅक आणि केबिन यांमधले अंतर दोन्ही कोपऱ्यांत मोजून खडूने लिहावे. नंतर एक पुढचे चाक चार इंची जाड, रुंद फळीवर हळूच चढवून, हँडब्रेक लावून, बाकीच्या चाकांना उटी लावून पुन्हा मोजावे. या वेळी कोणीही गाडीखाली जाऊ नये. अंतर बदलले पण रॅक कुठेही अडकत नसेल तर उत्तम. रॅकमधून करकर आवाज आला, किंवा केबिनवर टेकलेला पाय उचलल्यासारखा दिसला, तर केबिनचा आधार काढून टाकावा आणि संपूर्ण रॅक हौद्यावरच उभा करावा. आधार पूर्णपणे काढणे ज्यांना मान्य नसते ते मधला मार्ग म्हणून केबिनवर नुसता रबरी टेकू ठेवतात. तो बोल्टाने आवळलेला नसेल तर नुकसान करत नाही, पण त्याची फारशी गरजही नसते.

तडा आणि वेल्ड

वरचे सारे तपासून, हालचाल बंद करून मगच तड्याकडे वळावे. संशयित जागेचा रंग वायर ब्रशने काढावा आणि तिथे तडा शोधण्याचे स्प्रे वापरावेत. वेल्डिंगचे साहित्य विकणाऱ्या दुकानात तीन डब्यांचा संच मिळतो: एक साफ करणारा, एक लाल रंगाचा आत झिरपणारा आणि एक पांढरा. लाल द्रव पुसल्यानंतर पांढऱ्या थरावर लाल रेघ उमटली की तडा किती लांब आहे ते कळते. डोळ्यांना दिसणाऱ्या लांबीपेक्षा तो बहुधा बराच पुढे गेलेला असतो.

तड्यावर वरून टाका मारणे निरुपयोगी आहे. तड्याच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचे छिद्र पाडून तो पुढे जाण्यापासून थांबवावा, ग्राइंडरने तडा मुळापर्यंत उकरावा, मग भरावा, आणि पाय व बेस प्लेट यांच्या कोनात त्रिकोणी गसेट (आधाराची लोखंडी प्लेट) जोडावी. ६ मिलिमीटरच्या प्लेटला २ मिलिमीटरचा पाइप जोडताना उष्णतेचा बहुतेक भाग जाड प्लेट खेचून घेते, त्यामुळे नवशिक्याचा टाका प्लेटवर नुसता चिकटून बसतो किंवा पाइपला भोक पडते. हे काम रोज वेल्डिंग करणाऱ्याकडूनच करून घ्यावे. शक्य असेल तर रॅक गाडीवरून उतरवावा. गाडीवरच करायचे असेल तर बॅटरीची ऋण तार आधी काढावी, अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ रॅकवरच लावावा आणि डिझेलची टाकी व नळ्या कुठून जातात ते पाहून घ्यावे. पाइप जस्ताचा मुलामा दिलेला असल्यास सांध्याजवळचा मुलामा घासून काढावा आणि काम उघड्या हवेत करावे, कारण जस्ताच्या धुराने त्याच संध्याकाळी थंडी-ताप भरतो.

इथे थांबावे

हौद्याच्या खालच्या आडव्या चॅनेलला किंवा चॅसीला तडा असेल, केबिनच्या छपराचा पत्रा दबला वा फाटला असेल, किंवा हालचाल बंद केल्यानंतरही तोच सांधा दुसऱ्यांदा तडकला असेल, तर घरगुती दुरुस्ती थांबवावी. पहिल्या दोन बाबतीत गाडी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा ट्रकची बॉडी बांधणाऱ्या अनुभवी कारागिराकडे न्यावी. चॅसीला स्वतः छिद्र पाडू नये, वेल्डही करू नये. तिसऱ्या बाबतीत रॅकची रचनाच चुकलेली असते आणि ती एखाद्या मेकॅनिकल अभियंत्याला किंवा जाणत्या फॅब्रिकेटरला भारासह दाखवून नव्याने करून घेणे स्वस्त पडते.

कायद्याची बाजूही इथेच पाहून घ्यावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलात फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही, म्हणून रॅक गाडीला कायमचा वेल्ड करण्याऐवजी बोल्टाने काढता-घालता येणारा ठेवावा आणि शंका असल्यास आधी आरटीओत विचारावे. माल गाडीच्या बाजूने, पुढे, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर गेला तर कलम १९४ (१अ) खाली २०,००० रुपये दंड आहे आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. पिकअपची एकूण लांबी पाच मीटरच्या आसपास असते, त्यामुळे चार मीटरची बोट हौद्याच्या मागच्या कडेला जुळवून लावली की तिचे नाक केबिनवरच संपते आणि काहीच बाहेर येत नाही. दोन्ही बाजूंनाही बोट हौद्याच्या रुंदीतच असावी. लादलेल्या गाडीची उंची एकदा मोजून चालकासमोर चिकटवून ठेवावी. वाडीच्या रस्त्यावर घराघरांत जाणाऱ्या विजेच्या तारा महामार्गावरच्या तारांइतक्या उंच नसतात.

दुरुस्तीनंतर पहिल्या दहा किलोमीटरवर गाडी थांबवून पट्टे, आणि पहिल्या शंभर किलोमीटरनंतर नटांवरच्या पांढऱ्या रेघा पाहाव्यात. दोन्ही जागच्या जागी असतील तर पुढची तपासणी महिन्याने केली तरी चालते.